पडलेली टोपी

चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात सिंहनखी या दुर्मीळ फुलझाडावरून गाड्यांची चाकं जाऊ नयेत, म्हणून आम्ही अभयारण्याच्या रक्षकांनी प्रत्येक रोपाभोवती पांढऱ्या दगडांचं कडं केलं होतं. चोरांनी नेमकी तीच कडी बघून कंद उपटून नेले. शेवटच्या फुलाभोवतीचे दगड मी विस्कटत होते, तेवढ्यात जीप थांबली. मी चटकन फुलावर टोपी ठेवली. जीपच्या टपावर फावडं बांधलेलं होतं. “बाई, सिंहनखी कुठं फुललीय?” चालकानं विचारलं. “संपली.” “टोपी पडली की तुमची,” म्हणत त्याची म्हातारी आई उतरली. मला नको म्हणता येईना. तिनं वाकून टोपीची कड उचलली, आत बघितलं आणि हळूच खाली टेकवली. “दे की उचलून बाईंना, आई.” “शेळीच्या लेंड्यांत पडलीय. तू घालशील डोक्यावर? चल, नोल्बेर्तो.” जीप वळणावर थबकली, मग गेली. मी संध्याकाळपर्यंत उघड्या डोक्यानं तिथंच बसून राहिले.