रोजची बावीस आनंदमिनिटं

घोरपडे सरांनी रेवतीच्या मनगटावरची आनंद मोजणारी पट्टी वाचली. "खो-खोत आनंद शून्य, पोहण्यात शून्य, झुंबात तर उणे! अगं, उपक्रमांत आठवड्याला शंभर आनंदमिनिटं भरली नाहीत, तर अख्खी दिवाळी आरोग्यशिबिरात काढावी लागेल."

"माहितीय, सर."

"मग रोज पाचला ही बावीस मिनिटं कसली?"

"तेव्हा मी शिपाईकाकांबरोबर मैदानावर फक्कीच्या रेघा मारते."

सर खुलले. "मग रेघांचाच उपक्रम काढू! वेळापत्रक, गणवेश, जिल्हास्पर्धा..."

पट्टी तिथल्या तिथे लाल झाली.

सर ओशाळले. त्यांनी ती सगळी मिनिटं मुकाट्यानं खो-खोच्या रकान्यात लिहिली आणि हळूच विचारलं, "आज एक रेघ मला मारू देशील?"