अर्धा तास ऊन

"लोह चांगलं आहे. कॅल्शियम, बी-बारा, जस्तसुद्धा," डॉक्टरीणबाई वैजूचा रिपोर्ट वाचत म्हणाल्या. डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या लेकीचं मनगट साध्या धक्क्याने मोडलं, म्हणून या तपासण्या केल्या होत्या. मी सुखावले. तिला दात उशिरा आले, तेव्हापासून नाचणीची आंबील, कुटलेले तीळ, तिचे बाबा आणायचे तो खजूर, सगळं मी माझ्या हाताने भरवलं होतं.

"फक्त डी जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. आजी, ही उन्हात जाते ना?"

"तिला घरातच आवडतं," मी म्हणाले.

"गोळ्या देतेय, पण तिला रोज अर्धा तास बाहेर बसवा. पुढच्या वेळी खुबा मोडला तर ती उठायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी दार सताड उघडलं. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. शेजारच्या सिंधूताई वाल सोलत बसल्या होत्या. "अगंबाई, वैजू का ही? ये गं, सोलायला लाग," त्या म्हणाल्या. मी वैजूचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत आणलं.

तिथे तिने चौकट घट्ट पकडली. मग मलाच आत ओढून तिने कडी लावली, ओठांवर बोट ठेवलं आणि इतकी वर्षं मी तिला सांगत आले तेच, माझ्याच मायेने, मला हळूच सांगितलं,

"गप बस हं शहाण्यासारखी. पाहुणे गेले की दार उघडते."