संगीत थांबलं तेव्हा

स्केटिंगच्या स्पर्धेत लेक बर्फावर उतरली की हारुए बाहेरच्या बोळात यायची आणि थंड पेयांच्या यंत्राकडे तोंड करून उभी राहायची. बघायची हिंमत नव्हती, पण कान सगळे आत लागलेले. त्सुगुमी उडी मारून नीट उतरली की स्केटची पाती सुर्रकन वाजायची. पडली की धप्प. तरी संगीत चालू असलं म्हणजे पोरगी उठली, एवढं हारुएला कळायचं.

आज राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड फेरीत धप्प झालं, आणि थोड्या वेळानं संगीतच थांबलं.

"मणक्याला चीर आहे, जपा," असं डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बजावलं होतं. पण त्सुगुमीला कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काही होत नाहीये गं आई. तू ना, उगीच!"

दार उघडलं. पोर आपल्या पायांनी चालत बाहेर आली.

"आई, रागावू नकोस हं. मीच पंचांना म्हटलं, थांबवा. खूप दुखतंय गं. कधीपासून दुखतंय."

मागोमाग तिचे प्रशिक्षक इवादाते सर आले आणि कमरेत वाकले. "माफ करा. राष्ट्रीय स्पर्धा हुकली. चूक माझीच."

हारुए त्यांच्याहून खाली वाकली, आणि वर येईचना.

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका," सर कासावीस होऊन म्हणाले.

तिला फक्त तोंडावरचं हसू आवरायला जरा वेळ हवा होता.