गार खोलीतली कळी

दहाव्याला मुळा नदीच्या काठी आरोहीच्या पिंडाला कावळा काही शिवेना. तिच्या मामानं धाकटीच्या लग्नाचा शब्द दिला, तरी कावळे जांभळीवरच बसून. “तिचा जीव कशात अडकलाय, भिवाजी? बाप हायस, तूच बोल,” त्याची थोरली बहीण म्हणाली. भिवाजीला ठाऊक होतं. ढगांतल्या रानात वाढणारं ऑर्किड जगावं म्हणून लेकीच्या खोलीत रात्रंदिवस एसी चालायचा. दवाखान्यात जाताना तिनं बजावलं होतं, “आबा, एसी बंद करू नका, कळी धरलीये.” ती गेली, खोलीत तिच्या नावाचा दिवा लावला, आणि तो वाऱ्यानं विझू नये म्हणून भिवाजीनंच एसी बंद केला. आज सकाळी पाहिलं, तर झाड शिजलेल्या भाजीसारखं लोळलेलं. तो पिंडापुढं वाकला. “झाड बरं हाय, पोरी. कळी उमलतीय.” कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. लेकीनं बापाचा शब्द खरा मानला होता.