स्टार आठ

तिसऱ्यांदा फोन वाजून बंद पडला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, 'कॉल उचलला नाही.' निवेदितानं कपाळावर हात मारून घेतला.

"हेमाताई, माझ्या प्रोग्राममध्ये काही चूक नाही हो. औषधांच्या स्टोअरात जीवनभाऊ नसले आणि त्यांचा फोन वाजला, की काउंटरवर प्रियांकाच्या फोनचा दिवा लागतो. तिनं स्टार आठ दाबलं की कॉल तिच्याकडं. सकाळी मी स्वतः दाबून पाहिलंय."

"दिवा लागला असंल," हेमाताई म्हणाल्या. "ती दाबायची नाही."

दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर हेमाताईंचा आज शेवटचा दिवस. एकतीस वर्षं बाहेरचा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानाशी आला होता. कोणता डॉक्टर कुठल्या टपरीवर चहाला बसतो, कोण कोणाचा निरोप पोचवतो, सगळं त्यांना पाठ होतं. आज सकाळपासून ते काम या कॉम्प्युटरकडं गेलं होतं.

"पोळ्यापासून ती आणि जीवन बोलत नाहीत. औषधांच्या फ्रीजचं दार हिच्याकडून उघडं राहिलं, त्यानं नाव वर सांगितलं. आता त्याचा फोन उचलायचा म्हणजे निरोप द्यायला त्याच्याशी बोलावं लागंल की."

"मग स्टोअरचा फोन उचलायच्या गटात दुसरं कोण घालू?"

"कोणीच नाही," दारातून अनंतराव म्हणाले. दवाखान्याचे व्यवस्थापक. हातात खात्यांचा तक्ता. "गट खात्याप्रमाणंच. औषधं म्हणजे स्टोअर आणि काउंटर. आपल्याला इथं सोयरीक जुळवायची नाही! आणि हेमाबाई, तुमचा फोन मी सगळ्या गटांतून काढायला लावलाय. तुमी उचलत बसलात तर लोकांना सवय कवा लागायची?"

हेमाताईंनी हात मांडीवर ठेवले. मनात आलेलं बोलायची सवय त्यांना बोर्डावर कधी लागली नव्हती.

बोळातून केशरबाई आली. हातात फरशी पुसायचं ओलं फडकं, पाणी टपकत होतं.

"ताई, स्टोअरातला फोन पुना वाजायलाय. मघापासून चार बार झालं. कुनी उचलंना."

"टेस्टिंग चाललंय, केशरबाई," अनंतराव म्हणाले.

निवेदितानं मान वर केली. "मी नाही लावला. आधीचे तीनही मी लावले नव्हते. मला वाटलं, टेस्टिंगला तुम्हीच लावताय."

हेमाताईंनी स्टार आठ दाबलं. यंत्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ही सेवा आपल्यासाठी उपलब्ध नाही." पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्या उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनिशी बोळातून काउंटरपर्यंत जवळजवळ धावल्या.

प्रियांका गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. शेजारी फोनचा दिवा लुकलुकत होता. हेमाताईंनी खिडकीतून हात घातला आणि तिच्याच फोनवर स्टार आठ दाबलं.

"बोला."

"बाई, पेडगावहून बोलायलोय." माणसाला दम लागला होता. "कापूस येचताना पोरीला साप चावलाय. जीप दारात हाय. तुमच्याकडं इंजेक्शन हाय का? न्हाईतर दुसरीकडं नेतो. चवथ्यांदा लावायलोय, बाई."

हेमाताईंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "सापाचं इंजेक्शन हाय का फ्रीजमधी?"

"स्टोअरचं मला काय माहीत? जीवनला इचारा."

"प्रियांका, पोरगी हाय."

प्रियांकाच्या हातातली पट्टी खाली पडली. ती चप्पल न घालताच स्टोअरात पळाली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"दहा हायेत, ताई! दहा!"

"हाय," हेमाताई फोनमध्ये म्हणाल्या. "निघा. मधी कुठंच थांबू नका. पोरीला चालू देऊ नका."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मागं अनंतराव आणि निवेदिता येऊन उभे होते.

"बघा, चाललं की स्टार आठ!"

निवेदिता परत कॉम्प्युटरशी जाऊन बसली. स्टोअरच्या गटात दोन नावांखालची ओळ रिकामी होती.

"केशरबाईंचा नंबर काय?" तिनं विचारलं.

"तिला कुठला आलाय फोन?" तिच्यामागून आलेले अनंतराव हसले.

बोळात केशरबाई पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होती, कान स्टोअरकडं लावून.