एकतिसावं पान

शालनताईंनी सहावी कादंबरी उघडली आणि थेट एकतिसावं पान काढलं. पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता. खूण त्यांचीच. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून गेली वीस वर्षं वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात त्या असा गोल करत आल्या होत्या. टेबलावरच्या पाचही कादंबऱ्यांत तो होता. आणि या सहांतलं एकही अक्षर त्यांना आठवत नव्हतं.

बाहेर मुलगा, उदय, गाडी घेऊन थांबला होता. गुहागरला आठ दिवस राहायचं, झोपाळ्यावर बसून काहीतरी हलकंफुलकं वाचायचं, एवढाच त्यांचा बेत.

"काकू, ही न्या. हसून हसून पुरेवाट होते," नव्यानं लागलेल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "गेल्या दिवाळीतच आलीय."

म्हणजे ही तरी न वाचलेली असणार. शालनताईंनी पहिलं पान वाचलं आणि त्यांना खरंच हसू आलं. देवा, एवढी एक नवी निघू दे, असं म्हणत त्यांनी एकतिसावं पान काढलं.

तिथे तीन गोल होते. दुसऱ्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा आणलीस. उदयला सांगायला हवं.' तिसऱ्याखाली, 'अजून सांगितलं नाहीस. आजच सांग.'

बाहेरून उदयनं हॉर्न दिला.

"बाई," शालनताईंनी हळूच विचारलं, "खोडरबर आहे का?"