मेमरी, ठीक

"सुरुवातीची तपासणी बंद कर," हिराबायाशी म्हणाले. "उद्या मिनोवासाहेब दहा मिनिटंच थांबणार आहेत. तुझं यंत्र उठायलाच पाऊण तास घेतं."

"उठतं लगेच, साहेब. पाऊण तास स्वतःला तपासत बसतं."

"मग उद्या एक दिवस स्वतःवर विश्वास ठेवू दे त्याला."

घाईचे खरे कारण सर्व्हर सांभाळणाऱ्या सानाए कुरामोचीला माहीत होते. हामासेच्या बालरुग्णालयातील प्रत्येक मुलाच्या औषधाची मात्रा ज्या युनिक्स सर्व्हरवर नोंदलेली असे, त्याच्या मेमरीची एक पट्टी सदोष होती. गेल्या महिन्यात यंत्र सुरू होताना तपासणीने तो दोष पकडला आणि यंत्र जागीच थांबले. सानाएने नवी पट्टी मागितली. विभागप्रमुख हिराबायाशींनी पट्टीऐवजी आज्ञा दिली : दोष सापडला तरी यंत्र पुढे गेले पाहिजे, अशी मांडणी कर. तिने ती केली; दोषाची ओळ मात्र तपासणीत पडद्यावर उमटतच राहिली. त्याच आठवड्यात एका तान्ह्या मुलीच्या मात्रेपुढे एक शून्य जास्त उमटले. तोकुनागा नावाच्या परिचारिकेला ते खटकले, म्हणून मुलगी वाचली. चौकशीअंती चूक तोकुनागाच्या बोटांची ठरली, आणि मुलीच्या आईपुढे कमरेत वाकून क्षमा मागण्याचे कामही तिलाच मिळाले. संस्थांना दोष परवडत नाही. दोषी माणूस मात्र परवडतो.

"तपासणी बंद केली तर पडद्यावर एकही ओळ येणार नाही, साहेब. मग आम्ही बोट दाखवायचं कशाकडे?"

"रोज दाखवता तिकडेच. पडदा काही हलवलेला नाही."

सानाएने यंत्राच्या आरंभीच्या मांडणीत जाऊन तपासणीची पातळी शून्यावर आणली. त्याला एक शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी हिराबायाशींच्या हाताखालचे पाचही जण पांढरे हातमोजे चढवून सर्व्हरच्या खोलीत रांगेत उभे राहिले. पडद्यावर तपासणीची ओळ उमटली की एकाने तिच्याकडे बोट रोखून मोठ्याने 'ठीक' म्हणायचे, मग बाकीच्यांनी बोट रोखून तेच म्हणायचे, अशी तिथली रीत होती. डोळा, हात आणि तोंड या तिघांना एकाच वेळी खोटे बोलणे जमणार नाही, असा त्या रीतीमागचा भाबडा विचार असावा.

प्रांताच्या कार्यालयातून आलेले मिनोवा शिक्का हातात घेऊन टेबलाशी बसले. तो उमटला की हेच यंत्र आहे तसे आणखी पाच वर्षे चालणार होते. वॉर्डांच्या वतीने तोकुनागाला बोलावले होते. ती दाराशी हात जुळवून उभी होती.

यंत्र बघता बघता उठले. रिकाम्या पडद्यावर वापरणाऱ्याचे नाव विचारणारी एकच ओळ लुकलुकत राहिली.

हिराबायाशींनी त्या ओळीच्या बऱ्याच वर, काहीच नव्हते तिथे, बोट रोखले. "प्रोसेसर, ठीक."

पाच बोटे उठली. "ठीक."

"वाः, काय चपळ आहे," मिनोवा म्हणाले.

"डिस्क, ठीक."

"ठीक."

मिनोवांनी शिक्का शाईत दाबला. मेमरीची हाक सानाएची असे. तिने बोट उचलले. शब्द इतका सवयीचा होता की तो आपोआप ओठांवर आला. मग आपले बोट कुठे रोखले आहे, ते तिने पाहिले.

"मेमरी," ती म्हणाली, आणि थांबली. "दिसत नाही."

उरलेली चार बोटे उठली. चौघांचा आवाज कधी नव्हे इतका एकसुरी लागला.

"दिसत नाही."

दाराशी तोकुनागाने मान वर केली. शाई लागलेला शिक्का कागदावर अधांतरी राहिला.

"काय दिसत नाही?" मिनोवांनी विचारले.

हिराबायाशी मनमोकळे हसले. आपल्या माणसांची त्यांना पुरती ओळख होती, आणि पाहुण्यांची शंका मिटवणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

"मनावर घेऊ नका, साहेब. पहिला जे म्हणेल तेच ही मंडळी म्हणतात. पडद्याकडे बघतं कोण?"